थ्री नॉट थ्रीच्या नळीतला माणूस : विल्यम मेटफर्ड

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. गणपतीच्या बंदोबस्तापासून बँकेच्या दारातल्या पहाऱ्यापर्यंत वर्षानुवर्षं पोलिसांच्या खांद्याला हीच रायफल लटकलेली असायची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनात एके-४७ घेऊन अतिरेकी घुसले, तेव्हा समोर उभ्या असलेल्या पोलिसांकडे जी काही थोडी हत्यारं होती त्यातही हीच होती. त्यानंतर वर्तमानपत्रांतून तिची भरपूर चेष्टा झाली. चेष्टा बरोबरच होती, कारण मूळ डिझाईन व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. पण थ्री नॉट थ्री हे बंदुकीचं नाव नाहीच, ते नळीचं माप आहे, हे किती जणांना माहीत असतं? नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर. बोअर गेज घेऊन वर्कशॉपमध्ये मापं घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी हे ठाऊक हवं.

या नळीचा आतला आकार ज्याने ठरवला तो पेशाने सैनिक नव्हता, बंदूक कारखानदारही नव्हता. तो होता रेल्वेचा सिव्हिल इंजिनिअर. आपल्या देशात नोकरीला आला होता, आणि आला तोही नेमका १८५७ साली. विल्यम एलिस मेटफर्ड त्याचं नाव. ब्रिटिश सैन्याने त्याचं नाव आपल्या रायफलला दिलं आणि काही वर्षांतच काढूनही टाकलं. मेकॅनिकलवाल्यांना सिव्हिलच्या पोरांना चिडवायची सवय असते, त्यांनी हा लेख जरा जपून वाचावा!

मेटफर्डचा जन्म ४ ऑक्टोबर १८२४ चा. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं टाँटन हे गाव. वडील डॉक्टर, घरचं बरं. वडिलांना नेमबाजीचा नाद, इतका की घराशेजारच्या शेतातच त्यांनी रायफल क्लब काढला होता. तेव्हा पोरगं बारुदाच्या वासातच वाढलं म्हणायचं. शेरबर्नच्या शाळेत चार बुकं शिकून झाल्यावर त्याला रेल्वेत उमेदवारीला लावलं. तेव्हा आजच्यासारखी इंजिनिअरिंग कॉलेजं नव्हती, कुणातरी मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली राबायचं आणि शिकायचं, अशी रीत. त्याची उमेदवारी झाली ब्रिस्टल-एक्झेटर लाईनवर, आणि त्या लाईनचा मुख्य इंजिनिअर होता दस्तुरखुद्द ब्रुनेल. थेट ब्रुनेलच्या हाताखाली नव्हे, त्याच्या साइटवरच्या इंजिनिअरच्या हाताखाली. पण कामाची शिस्त तीच.

१८४६ ते १८५० तो आणखी एका रेल्वेवर होता. मोजणीचं काम करता करता त्याने थिओडोलाईटमध्ये सुधारणा केल्या. सर्व्हेची प्रॅक्टिकल्स केलेल्यांना माहीत आहे, थिओडोलाईट हे किती नाजूक प्रकरण असतं आणि एका मिनिटाची चूक लांबवर जाऊन किती फुटांची होते. मला वाटतं मेटफर्डचा पुढचा सगळा स्वभाव याच यंत्राने घडवला. बंदुकीकडे तो बंदूकवाल्याच्या नजरेने कधी बघतच नव्हता, सर्व्हेअरच्या नजरेने बघायचा. गोळी हजार यार्डांवर दोन फूट बाजूला गेली तर वाऱ्याला शिव्या घालून मोकळं होणाऱ्यांपैकी तो नव्हता. चूक नक्की कुठे शिरली ते तो शोधत बसायचा.

आता त्या काळची बंदूक कशी होती ते थोडं बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. बंदूक ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी घालायची, गजाने ठासायची. नळी आतून गुळगुळीत असली तर गोळी सहज आत जाते, पण बाहेर पडताना कशीही भरकटते. नळीला आतून पिळाचे आटे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. मात्र आटे धरायचे तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडातून ठासायची म्हणजे हातोडीचं काम. लढाईत एवढा वेळ कोणाला? यावर फ्रेंचांनी तोडगा काढला : गोळी सैल ठेवायची, पण बूड पोकळ करून त्यात लोखंडी वाटी बसवायची. बार उडाला की वाटी आत घुसते, गोळीचं बूड फुगतं आणि आटे धरतं.

१८५२ च्या शेवटी मेटफर्डने सुचवलं की वाटीची गरजच नाही. बुडाची पोकळी नीट आकाराची केली तर गॅसच्या दाबानेच शिसं फुगेल. एक पार्ट कमी, एक भानगड कमी. ही गोळी प्रिचेट नावाच्या बंदूकवाल्यामार्फत पुढे आली, १८५३ च्या नव्या एनफिल्ड रायफलसाठी सरकारने ती घेतली आणि बक्षीस दिलं १००० पौंड. बक्षीस प्रिचेटला. गोळीचं नावही प्रिचेटची गोळी. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये काम एकाने करायचं आणि रिपोर्टवर नाव दुसऱ्याचं, ही परंपरा आपल्या कॉलेजात सुरू झालेली नाही हे वाचून कोणाला समाधान वाटत असेल तर वाटो.

१८५४ साली त्याने आणखी एक गोष्ट तपासली. बार उडताना नळी स्वतः हलते. धक्क्याने ती वाकते, थरथरते, आणि गोळी तोंडाशी पोचेपर्यंत नळीची दिशा नेम धरताना होती तशी राहिलेली नसते. आज आपण याला व्हायब्रेशन्सचा विषय म्हणू आणि मॅटलॅबवर सोडवू. मेटफर्डकडे होती फक्त मोजमापाची हत्यारं आणि चिकाटी.

आता १८५७. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्याला ईस्ट इंडियन रेल्वेवर चांगली नोकरी मिळाली. पोस्टिंग बिहारात, गंगेकाठच्या मुंगेरला. तो तिथे पोचला आणि देश पेटला.

पेटण्याचं एक निमित्त आपल्याला शाळेपासून पाठ आहे : एनफिल्डची काडतुसं. मात्र शाळेत एक गोष्ट सांगत नाहीत. प्रिचेटची गोळी बाहेरून गुळगुळीत होती, तिला वंगण धरायला खाचा नव्हत्या. म्हणून वंगण कागदाला लावलेलं असायचं. कागदात गुंडाळलेली गोळी त्या कागदासकट नळीत जायची आणि चरबी नळीला वंगण द्यायची. शिपायाने काडतूस दाताने फाडायचं, दारू ओतायची आणि चरबी लावलेलं टोक आत ठासायचं. गाईची की डुकराची, हा प्रश्न त्या कागदावरच्या चरबीतून निघाला. पुढे गोळीच्या बुडात लाकडी खुंटी बसवली, तपशील बदलले, पण मूळ कल्पना तीच राहिली. म्हणजे ज्या गोळीची कल्पना मेटफर्डने पाच वर्षांपूर्वी मांडली, तिच्याच काडतुसावरून बिघडलेल्या देशात तो रूळ टाकायला येऊन उतरला होता. बंड फक्त काडतुसामुळे झालं असं कुणी शहाणा म्हणणार नाही; खालसा केलेली संस्थानं, जमिनी, पगार, सगळंच होतं. तरी हा योगायोग जबरदस्तच.

मुंगेरला त्याने गावाच्या बचावाची व्यवस्था लावण्यात पुढाकार घेतला. इंग्रजांच्या बाजूने अर्थातच, तो काही आपल्या बाजूचा नव्हता. मजा म्हणजे मुंगेर हे बंदुका बनवणाऱ्यांचंच गाव. बंगालचा नवाब मीर कासिम याने अठराव्या शतकात तिथे राजधानी नेली आणि बंदुकांचा कारखाना घातला, तेव्हापासून तिथल्या लोहारांच्या हातात ती कला आहे. मुंगेरी कट्ट्याच्या बातम्या अजूनही आपण वाचतोच. मेटफर्डने तिथल्या कारागिरांचं काम पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर त्याच्या नजरेतून सुटलं नसणार.

ऊन, जागरणं, धावपळ यांनी त्याची तब्येत पार ढासळली. वर्षाच्या आत त्याला इंग्लंडला परत जावं लागलं आणि सिव्हिल इंजिनिअर म्हणून त्याचं करिअर संपलंच. वय तेहतीस. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅम्पसमधून उत्तम प्लेसमेंट, आणि वर्षात घरी.

इकडे हिंदुस्थानात बंडानंतर इंग्रजांनी धडा घेतला. देशी शिपायांकडून आट्यांच्या एनफिल्ड काढून घेतल्या आणि त्याच दिसण्याच्या पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. त्यानंतर धोरणच पडलं : गोऱ्या पलटणीपेक्षा देशी पलटण एक पिढी मागे. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्या शिपायांना जुनी स्नायडर, गोऱ्यांना लीची मॅगझिन रायफल मिळाली तेव्हा आपल्यांना मार्टिनी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर सामान्य माणसाच्या घरातली बंदूकही परवान्यावर गेली. आपण ज्या मुळशी तालुक्यात राहून शिकतो, तिथल्या सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांचंच उदाहरण घ्या. १९०४ साली शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि नेमबाजीही तिथल्याच रायफल क्लबात शिकले. पारनेरच्या मुलाला रायफल नीट हातात धरायला स्कॉटलंड गाठावं लागलं! त्याच एडिंबरोत मार्टिनी-हेन्रीच्या नळीवाल्या अलेक्झांडर हेन्रीचं दुकान होतं, हे जाता जाता.

मेटफर्ड घरी बसला खरा, पण डोकं बसलं नाही. आधी त्याने एक स्फोटक गोळी तयार केली होती, ती १८६३ साली सरकारने स्वीकारली. लक्ष्यावर आपटली की फुटणारी. पण १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर युद्धात बंदी आली आणि ते काम तिथेच थांबलं. थांबलं ते बरंच झालं असं मला वाटतं. माणसाच्या अंगात फुटणारी गोळी बनवणाऱ्याचं कौतुक करणं या पानावर जमलं नसतं.

त्याचं खरं काम १८६५ पासूनचं. प्रश्न होता काजळीचा. तेव्हाची काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त वस्तुमान घनरूपात मागे राहतं. थोडं धुरात जातं, बाकीचं नळीत चिकटतं. पाच-दहा बार झाले की आट्यांचे कोपरे भरतात, गोळी नीट बसत नाही आणि नेम बिघडतो. कोरड्या उन्हाळ्यात ही काजळी दगडासारखी कडक होते. (मुळशीच्या पावसाळ्यात ती ओलीच राहिली असती, नेमबाज काजळी मऊ ठेवायला नळीत तोंडाने फुंकर मारून वाफ सोडायचे, ते काम इथे हवेनेच फुकटात केलं असतं.) सगळ्यांचा समज असा की गोळी घट्ट फिरवायची तर आटे खोल हवेत. व्हिटवर्थसारख्या मोठ्या इंजिनिअरने तर नळी आतून चक्क षटकोनी केली. हाच तो व्हिटवर्थ ज्याच्या नावाचे थ्रेड आपण डोळे मिटून रेखाटतो.

मेटफर्डने उलट विचार केला. खोल कोपरा म्हणजे घाणीला जागा. मग कोपराच नको. त्याने पाच आटे ठेवले, अगदी उथळ, खोली एखाद्या कागदाच्या जाडीएवढी, आणि कडा मोडलेल्या. गोळी शिशाची पण कडक केलेली, वर कागदाचं पातळ वेष्टन. बाराच्या धक्क्याने गोळी किंचित आखूड-जाड होते आणि तेवढ्याशा खोलीतही आटे धरते. शिवाय पीळ सुरुवातीला सौम्य आणि तोंडाकडे वाढत जाणारा ठेवला, म्हणजे गोळीला एकदम झटका बसू नये. कमीत कमी घर्षण, कमीत कमी घाण, पुढच्या गोळीने मागचीच घाण पुसून न्यावी. विचार साधा वाटतो, पण शेकडो चाचण्यांशिवाय तो कागदावरच राहिला असता.

या कामात त्याला जोडीदार मिळाला सर हेन्री हॅलफर्ड. सरदार माणूस, इस्टेटवाला आणि इंग्लंडमधल्या उत्तम नेमबाजांपैकी एक. मेटफर्डने बनवायचं, हॅलफर्डने झाडायचं, दोघांनी मिळून नोंदी करायच्या. एक डिझाईन, एक टेस्टिंग. अशी जोडी जमली की काम होतं.

पण सैन्याच्या चाचण्यांत मेटफर्ड उशिरा पोचला. १८६६ साली जुन्या एनफिल्डचीच मागची बाजू कापून स्नायडर पद्धतीने मागून भरायची सोय झाली होती, आणि नव्या रायफलसाठी सरकारी समितीने ज्या चाचण्या घेतल्या त्यातून १८७१ मध्ये मार्टिनीची यंत्रणा व हेन्रीची सात आट्यांची नळी अशी जोडी पास झाली. मागून भरायच्या रायफलवर मेटफर्डने मनापासून काम सुरू केलं तेच १८७० साली. त्याची पहिली प्रायोगिक रायफल १८७१ ला तयार झाली आणि विम्बल्डनच्या मैदानावर लष्करी ब्रीचलोडरचं मुख्य बक्षीस घेऊन गेली. (विम्बल्डन म्हणजे टेनिस हे आपलं समीकरण, तेव्हा तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरायच्या.) पण सैन्याचा निकाल लागून गेला होता. पुढची सतरा वर्षं ब्रिटिश सोल्जर हेन्रीच्या नळीतून गोळ्या झाडत राहिला आणि स्पर्धांमधली बक्षिसं मात्र मेटफर्डच्या नळ्या पटकावत राहिल्या. १८७७ नंतर तर लांब पल्ल्याच्या नेमबाजीत त्याच्याच नळीचं राज्य होतं. सैन्याला हे दिसत नव्हतं असं नाही, पण लाखो रायफली एकदा वाटल्या की सरकार पुन्हा लवकर हलत नाही. कुठलंही सरकार.

हललं ते शेजाऱ्यामुळे. १८८६ साली फ्रान्सने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल काढली, धूर न करणाऱ्या दारूची. युरोपातल्या सगळ्या सैन्यांची झोप उडाली. ब्रिटिशांनी त्याच सुमारास ०.४०२ इंचाची एनफिल्ड-मार्टिनी तयार केली होती, ती हातात येण्याआधीच जुनी झाली. तिच्या आट्यांच्या कामातही मेटफर्ड होता. मग समितीपुढे एकामागून एक नमुने आले : लीच्या बोल्टला बर्टनचं मॅगझिन, सुधारित ली, वेगवेगळे व्यास. या चाचणी-रायफली अगदी थोड्याच बनल्या. काही सैनिकांच्या हाती गेल्या, काही मोडल्या, बऱ्याच पुन्हा कारखान्यात जिरल्या. एनफिल्डच्या कारखान्यात नमुन्यांची एक खोली होती, तो संग्रह आता लीड्सच्या शस्त्रागार संग्रहालयाकडे आहे. नापास झालेल्या अशा नमुन्यांना संग्राहक आज पास झालेल्या रायफलीपेक्षा कितीतरी जास्त किंमत मोजतात.

शेवटी ठरलं ०.३०३. डिसेंबर १८८८ मध्ये नवी मॅगझिन रायफल स्वीकारली गेली : बोल्ट आणि पेटीसारखं मॅगझिन स्कॉटलंडात जन्मून अमेरिकेत गेलेल्या जेम्स पॅरिस लीचं, आणि नळी मेटफर्डची. सात उथळ आटे, डावीकडे पीळ, दहा इंचांत एक फेरा. पुढे तिला अधिकृतपणे नाव मिळालं ली-मेटफर्ड. प्रिचेटच्या गोळीनंतर कित्येक वर्षांनी त्याचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर आलं. आपली थ्री नॉट थ्री ती हीच, या घराण्याची आजी.

थोडा हिशोब करू. गोळी सेकंदाला साधारण २००० फुटांनी निघते, म्हणजे २४,००० इंच. दहा इंचाला एक फेरा. म्हणजे सेकंदाला २४०० फेरे, मिनिटाला १,४४,०००. आपल्या वर्कशॉपमधल्या लेथचा टॉप स्पीड आठवा आणि गप्प बसा.

पण हा २००० फुटांचा आकडा आला तोच मेटफर्डच्या नळीचा काळ बनून. १८८८ ला ब्रिटिशांकडे स्वतःची बिनधुराची दारू नव्हती, म्हणून पहिली ०.३०३ काडतुसं दाबून भरलेल्या काळ्या दारूचीच होती. १८९१ मध्ये कॉर्डाईट आलं : नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि उरलेलं व्हॅसलिन. धूर जवळजवळ नाही, काजळी नाही, वेग जास्त. आणि उष्णता भयंकर. त्या तापलेल्या गॅसने नळीचं पोलाद आतून खरवडायला सुरुवात केली. आटे खोल असते तर काही काळ तगले असते. मेटफर्डचे कागदाएवढे उथळ, गोल कडांचे आटे काही हजार गोळ्यांत पुसट व्हायला लागले. ज्या काजळीसाठी त्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं घालवली, ती काजळीच नाहीशी झाली, आणि तिच्यासाठी शोधलेला उथळपणाच नळीच्या मुळावर आला. त्याची काही चूक नव्हती. स्पेसिफिकेशन बदललं.

एनफिल्डच्या कारखान्याने चाचण्या घेऊन पाच चौकोनी, जरा खोल आट्यांची नळी काढली आणि नोव्हेंबर १८९५ मध्ये ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली. बाकी रायफल जवळपास तीच. व्यास तोच ०.३०३, पीळ डावाच, दहा इंचाला एक फेरा तोच. ही मापं स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या कारखान्यात चालत राहिली. आणि गोळ्या? १८६९ साली सुरू झालेला आपला खडकीचा दारूगोळा कारखाना. जुन्या ०.३०३ काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं दिसली तर ते काडतूस मुळा नदीच्या काठचं समजायचं.

मेटफर्डने ब्रिस्टलजवळ रेडलँडला घर केलं होतं. हॅलफर्ड १८९७ साली गेला. ११ ऑक्टोबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं आणि तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, पंच्याहत्तरी नुकतीच ओलांडलेला मेटफर्ड वारला. जहाजांतून निघालेल्या पलटणींपैकी बऱ्याच जणांच्या हातात अजून त्याच्याच नळीच्या रायफली होत्या, कारण नव्या ली-एनफिल्ड सगळ्यांना पुरल्या नव्हत्या.

— मराठी विभाग